नाव घेतल्यावर थांबायचं

सोमवारी सकाळी मी वर्गात हजेरीचं गाणं म्हणत होते. तीन नावं झाली. चौथं नाव मी सानिकाचं घेतलं आणि थांबले. सानिका दसऱ्याच्या सुट्टीत वारली होती. हा सोमवार फेब्रुवारीतला होता.

मुलंही थांबली. आमच्या वर्गातली आया लक्ष्मम्मा एका मुलाचे बूट काढत होती. तिने वर पाहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "मिस, ते लेकरू नाही आता."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि थांबून राहिले.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. लक्ष्मम्माने मुख्याध्यापिकांना बोलावून आणलं. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. माझ्या हातातली खंजिरी कोणीतरी काढून घेतली. त्यानंतर चार महिने मी शाळेत गेले नाही.

गाणं

हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बंगळूरच्या टोकाला, येलहंकातल्या एका विशेष शाळेत मी शिकवते. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना बोलता येत नाही, काहींना चालता येत नाही, काहींना स्वतःची मानही धरता येत नाही. दिवसाची सुरुवात हजेरीच्या गाण्याने होते. गाणं मीच रचलेलं आहे. साधं आहे. एकेकाचं नाव घ्यायचं, तू कुठे आहेस असं विचारायचं, आणि थांबायचं. मग एकजण आवाज करणारं बटण दाबतो, एकजण जीभ टाळूला लावून आवाज काढते, एकजण नुसता डोळे मिटून उघडतो. ती त्याची हजेरी.

हे थांबणं आम्हाला शिकवलेलं असतं. पुन्हा हाक मारायची नाही, हात धरून हलवायचा नाही. मूल स्वतःहून उत्तर देईपर्यंत गप्प राहायचं. बाहेरून आलेल्या माणसाला ती शांतता सोसत नाही. तो लगेच चुचकारतो, टाळ्या वाजवतो. मला मात्र दिवसातला तेवढाच वेळ माझा वाटायचा.

सानिका मान उचलून उत्तर द्यायची. मान उचलायला तिला फार वेळ लागायचा. आधी खांदा हलायचा, मग हनुवटी, मग एकदम सगळा चेहरा वर यायचा आणि ती हसायची. तिचं घर मराठी, निपाणीकडचं. वडील विमानतळावर टॅक्सी चालवायचे म्हणून कुटुंब देवनहळ्ळीला राहायचं. बाकीचं गाणं कन्नडमध्ये होतं. सानिकाची ओळ मी मराठीत म्हणायचे. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरमध्ये आहे आणि मराठी आता बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आतच उरली आहे. उंबऱ्याबाहेर मी ती फक्त सानिकाशी बोलायचे.

खुर्ची

ती गेल्याचं मला शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरने फोन करून कळवलं. छातीत कफ साठला आणि दोन दिवसांत संपलं. मी त्याच्याबरोबरच देवनहळ्ळीला गेले.

आतल्या खोलीत बायका जमिनीवर बसल्या होत्या. मध्ये सानिकाची आई, रेखा. कोणी तिचं डोकं मांडीवर घेत होतं, कोणी पाणी पाजत होतं. मी दारात उभी राहिले. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"शाळेतली मिस."

"अगं, मिसना खुर्ची द्या की कुणीतरी."

कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. मी तिच्यावर बसले. खोलीत खुर्चीवर बसलेली मी एकटीच होते.

सहा वर्षं मी त्या मुलीला रोज दुपारचा भात भरवला होता. घास गिळताना तिच्या गळ्यातून येणारा आवाज ऐकून मला कळायचं, हा खाली उतरला की अडकला. आणि त्या खोलीत मला जमिनीवर बसलेल्या एकेका बाईचा हेवा वाटत होता. आत्या, मावशी, शेजारीण. ज्यांनी तिला वर्षातून एकदा पाहिलं असेल, त्या मोठ्याने रडत होत्या. मी पर्स मांडीवर धरून बसले होते.

घरी आले तेव्हा यजमानांनी न्हाणीघरात गरम पाणी काढून ठेवलं होतं. "आंघोळ करून घे, मग आत ये," ते म्हणाले. मी आंघोळ केली. परक्याचं सुतक तेवढंच असतं. सुट्टी संपली तशी मी शाळेत गेले. सानिकाची लाकडी खुर्ची, जिला मी स्वतः स्पंजचा आधार शिवला होता, ती नव्या मुलाला दिलेली होती. प्रवेशासाठी मुलं थांबलेली असतात, खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. नव्या मुलाचं नाव चौथ्या जागी आलं.

काम

त्या वर्षी काम वाढलं होतं हे खरं आहे, पण आमच्या कामात न वाढलेलं वर्ष मला आठवत नाही. शेजारच्या वर्गाची शिक्षिका नोकरी सोडून गेली. तिची जागा भरेपर्यंत म्हणून दोन वर्ग एक केले. जागा भरली नाही. प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा लिहायचा, तो तिमाहीला तपासायचा, त्यात 'प्रगती' या रकान्यात काहीतरी लिहायचं. डायपर बदलायचे. मुलांना खुर्चीतून चटईवर, चटईवरून खुर्चीत. एकाला फिट आली की दुसऱ्याचं जेवण तसंच राहायचं. स्नेहसंमेलनासाठी ज्यांना उभं राहता येत नाही त्यांचा नाच बसवायचा, कारण पालकांना तो हवा असतो. संध्याकाळी दोन बस बदलून घर.

जानेवारीत एका मुलाने माझ्या हाताला चावा घेतला. दुखायला हवं होतं. मी त्या हाताकडे पाहत राहिले आणि मनात आलं, हा कुणाचा हात आहे? घरी जाताना बसमध्ये पुस्तक उघडायचे आणि तेच पान येलहंकापासून मेजेस्टिकच्या बसस्थानकापर्यंत उघडं असायचं. मी कॉलेजात असल्यापासून वाचत आले आहे. वाचता येईना याचं मला न जेवण्यापेक्षा जास्त भय वाटलं. पण हे कोणाला सांगायचं? 'पुस्तक वाचता येत नाही' ही काय तक्रार झाली?

वॉर्ड

त्या सोमवारनंतर मी खाणं सोडलं. सोडलं म्हणजे ठरवून नव्हे. घास तोंडात फिरत राहायचा. "अगं, स्वल्प तरी खा," यजमान ताट घेऊन मागे फिरायचे. आठवड्याने न्हाणीघरात पडले तेव्हा त्यांनी मला दवाखान्यात भरती केलं.

रक्त तपासलं, डोकं तपासलं, हृदय तपासलं. सगळं ठीक निघालं. मग मनोविकारतज्ज्ञ आल्या. तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी विचारलं, "घरात अलीकडे कोणी गेलं का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी यजमानांकडे पाहिलं. "नाही," तेही म्हणाले.

आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

नैराश्य, आणि कामाचा अतिथकवा, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. वॉर्डात सहाला चहा, मग रक्तदाब, मग इडली, मग कोणी मोठे डॉक्टर येणार म्हणून चादरी ताणणं. ही नियमितता मला आवडली. कोणीतरी दुसरंच वेळापत्रक चालवत होतं.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेल्या एक बाई होत्या, जयम्मा. त्यांच्या प्लॅस्टरवर नातवंडांनी स्केचपेनने फुलं काढली होती. त्यांच्याकडे रोज माणसं यायची, मोसंबी यायची, स्कूटर कशी घसरली ती गोष्ट त्या रोज नव्याने सांगायच्या. एकदा त्यांच्या सुनेने मला विचारलं, "तुम्हाला काय झालं, आंटी?"

"थकवा."

"थकव्याला भरती करतात?" ती सासूकडे वळली. "अत्ते, मग मला पण करा की भरती!"

सगळे हसले. जयम्माही हसल्या. मी पण हसले आणि भिंतीकडे वळले. मला त्या प्लॅस्टरचा इतका हेवा वाटला की रडू आलं. फुलं काढता येतील असं माझं काहीच मोडलं नव्हतं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. या आजारात भीती वाटते, रडू येतं, हे सगळे सांगतात. हेवा वाटतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला पाय मोडलेल्यांचा हेवा वाटला, झोपणाऱ्यांचा वाटला, शाळेत माझ्या जागी आलेल्या तरुण शिक्षिकेचा वाटला. आणि सर्वांत जास्त, मुलगी गेलेल्या आईचा. तिला सुतक होतं, तेरावा होता, रडायला मांड्या होत्या. हा हेवा इतका लाजिरवाणा होता की मी तो डॉक्टरांपासूनही लपवला. लपवू नका. तेही लक्षणच आहे.

माझी मोठी बहीण, अक्का, दवाखान्यात डबा घेऊन यायची. तिच्याशी मी एकदा सानिकाबद्दल बोलले. ती डबा पुसत म्हणाली, "दुसऱ्याच्या मुलासाठी एवढं? आई गेली तेव्हा तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत पळालीस तू."

"तेरावा झाल्यावर," मी म्हणाले.

"मग तेच म्हणते मी."

तिला कळलं नाही. मीही समजावलं नाही.

सानिकाची आई

घरी आल्यावर महिन्याभराने रेखा मला भेटायला आली. ड्रायव्हरकडून तिला कळलं होतं. येताना शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. मी तिला बसायला खुर्ची दिली.

ती अंगाने भरली होती. गाल वर आले होते, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. मला ते सहन झालं नाही.

"कसं हाय मिस आता? झोप लागायली काय?"

"गोळीने लागते."

"मला लागती." तिने पदर बोटाला गुंडाळला. "सारी रात लागती. उठून औषध द्यायचं न्हाई, कूस बदलायची न्हाई. सकाळी जाग आली की माझी मलाच लाज वाटती."

यजमानांनी कॉफी आणून ठेवली आणि ते आत गेले.

"मिस, एक मागू काय?" ती म्हणाली. "ते हजेरीचं गाणं एकदा म्हणून दावा की. डायवर म्हणायचा, गाण्यात हिचं नाव येतंय म्हणून. मी कधी ऐकलो न्हाई."

निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, ऐकलो, गेलो, आलो. सकाळच्या वेळी पालकांना वर्गात येऊ देत नाहीत, मुलं विचलित होतात म्हणून. तिने ते खरंच कधी ऐकलं नव्हतं.

"माझा आवाज बसलाय," मी म्हणाले.

माझा आवाज बसलेला नव्हता. तिच्याशी मी त्याच आवाजात बोलत होते.

रेखाने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. "असू दे. ठेवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "तसंबी ती तुमचीच होती."

"असं काय बोलता?"

"खरं तेच बोलतो. ऐतवारी सकाळी दाराकडं मान करून बसायची. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की हसायची. ऐतवारी कसली व्हॅन? दुसऱ्याची असायची. मी पुढ्यात बसून खीर भरवायलोय, आणि ही दाराकडं बघून हसायली. औषध माझ्याकडं, व्यायाम माझ्याकडं, रडणं माझ्याकडं. हसणं सगळं शाळेत." तिने कॉफीचा ग्लास खाली ठेवला. "तुमचा राग यायचा मला, मिस. लई यायचा. आता तुमी आजारी पडलासा म्हणून कळलं तवा वाटलं, बरं झालं. मग वाटलं, असं कसं वाटलं आपल्याला. म्हणून आलो."

रेखा निघून गेल्यावर मला आनंद झाला. हे लिहायला अवघड आहे, पण झाला. दाराकडे मान करून बसायची! त्या रात्री मी दोन पोळ्या खाल्ल्या, चटणीबरोबर.

"गोळ्या लागू पडल्या बघ," यजमान म्हणाले.

परत

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापिकांनी मला अर्ध्या दिवसावर घेतलं. माझ्या जागी आलेली मुलगी चुणचुणीत होती. मुलं तिच्याकडे झेपावायची. तिने माझं गाणं मोबाइलवर दुसऱ्या एका शिक्षिकेच्या आवाजात भरून घेतलं होतं आणि ते ती स्पीकरवर लावायची. गाणं थांबत नव्हतं. एक नाव संपलं की लगेच दुसरं. ज्या मुलीला जीभ टाळूला लावायला वेळ लागायचा, ती आवाज काढेपर्यंत दोन नावं पुढे गेलेली असायची.

"आज मी म्हणते," मी म्हणाले.

ती मुलगी लगेच बाजूला झाली. "बरं मिस, तुमचंच तर आहे."

तीन नावं झाली. चौथ्याला मी अडले. नव्या मुलाचं नाव मला येत होतं, पण ते तोंडातून बाहेर येईना. तो माझ्याकडे बघत होता. त्याची खुर्ची, तो स्पंज. मी खंजिरी खाली ठेवली. त्या मुलीने मोबाइल काढला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना म्हटलं, मला कार्यालयात बसवा. त्या म्हणाल्या, आठवडाभर बघू, नाहीतर तसं करू.

मी डॉक्टरांकडे गेले. या वेळी मी त्यांना म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं, घरात कोणी गेलं का. घरात नाही गेलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि काही विचारलं नाही. मला थांबू दिलं. मी सगळं सांगितलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीपासून, रेखाला नाकारलेल्या गाण्यापर्यंत.

"ते गाणं तुम्ही कोणासाठी जपून ठेवलंय?" त्या म्हणाल्या.



देवनहळ्ळी

शनिवारी बसने देवनहळ्ळीला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे मळे होते तिथे आता प्लॉटचे दगड लागले आहेत. रेखा दारातच तांदूळ निवडत बसली होती.

"या की मिस," ती उठली आणि आतून खुर्ची आणायला वळली.

"खुर्ची नको," मी म्हणाले.

ती थबकली. मग तिने कोपऱ्यातली चटई उचलून झटकली आणि पसरली. सानिकाला जिच्यावर व्यायाम द्यायची ती चटई होती, निळी, कडेला फाटलेली. आम्ही दोघी तिच्यावर बसलो.

"आवाज सुटला काय?" रेखाने विचारलं. तिरकस विचारलं. तिचा तो हक्क होता.

"बघू."

सानिकाची ओळ एकटी म्हणता येत नाही. पहिल्यापासून घ्यावं लागतं. मी पहिलं नाव घेतलं आणि थांबले. कोणी उत्तर द्यायला नव्हतं म्हणून मीच ते मूल जसं बटण दाबतं तसं जमिनीवर बोट दाबून दाखवलं. दुसरं. तिसरं. रेखाच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. मग मी चौथं म्हटलं, मराठीत.

"सानिका, सानिका, कुठे गं सानिका?"

आणि थांबले.

बाहेर ट्रक गेला. शेजारी कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. रेखा चुळबुळली. "किती थांबायचं?" तिने हळूच विचारलं.

"ती मान उचलेपर्यंत."

"आणि न्हाई उचलली तर?"

"उचलायची. रोज उचलायची. आधी खांदा हलायचा."

"डावा," रेखा म्हणाली.

"डावा," मी म्हणाले.

मग ती रडली आणि मीही रडले. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं नाही आणि मी तिचं घेतलं नाही. शेजारी शेजारी बसून रडलो. थोड्या वेळाने ती नाक पुसत म्हणाली, "इतकं थांबायलाच मला कधी जमलं न्हाई. पाठ थोपटायची राहायची, औषध राहायचं, नळाचं पाणी जायचं. बब्बी, उठ, बब्बी, गिळ. एवढंच बोललो मी तिच्याशी."

"बब्बी?"

"घरात बब्बीच म्हणायचो आमी. सानिका शाळेतलं नाव." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमास्नी माहीत न्हवतं?"

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी तिला एका नावाने हाक मारली आणि तिला रात्री कूस बदलताना दुसरंच नाव ऐकू यायचं. पुन्हा तोच हेवा आला, छातीत, डावीकडे. पण या वेळी तो ज्या बाईबद्दल वाटत होता ती माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, आणि तिलाही माझ्याबद्दल तोच वाटत होता. तो दोघींना लपवावा लागत नव्हता.

सोमवारी वर्गात चौथं नाव मी नव्या मुलाचं घेतलं. त्याचं नाव प्रज्वल आहे. तो टाळी वाजवून उत्तर देतो.

आता

मी अजून अर्धा दिवसच शाळेत जाते. एक गोळी बंद झाली आहे, एक चालू आहे. बसमध्ये पुस्तकाची पानं उलटतात, सगळी नाही. वर्ग अजून दोनाचा एकच आहे आणि दुसरी शिक्षिका हंगामी आहे. ती मोबाइल आता बाजूला ठेवते. मुलं तिच्याकडे झेपावतात तेव्हा मला अजून बरं वाटत नाही.

आमच्या शाळेत मूल गेलं तर शिक्षकांना एक दिवस रजा द्यावी, असा अर्ज मी दिला आहे. उत्तर आलेलं नाही.

अधूनमधून शनिवारी मी देवनहळ्ळीला जाते. तिथे मी जमिनीवर बसते.